चहाचे खांब, थंडीची रेघ

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. माझा आलेख बरोबर होता. त्या आलेखामुळे आमच्या अख्ख्या जिन्याची ऊब गेली, शेजारी मला बघून माना फिरवायला लागले आणि बायको माझ्याशी बोलायचं सोडून रेडिएटरशी बोलायला लागली, हे सगळं मला मान्य आहे. पण आलेखात चूक काढून दाखवा, नाही निघायची. आमच्या किरगिझ मुलुखातल्या नारीन गावच्या पशुवैद्यकीय कार्यालयात माझी उभी हयात आलेख काढण्यात गेली. कुठल्या खोऱ्यात किती मेंढ्यांना लस टोचली हे मी असं रंगवून मांडतो, की राजधानी बिश्केकहून आलेले साहेब मेंढीचं तोंडही न बघता समाधानाने परत जातात. अशा माणसाबद्दल ‘एसेनकुलला साधं थर्मामीटर वाचता येत नाही’ असं जिन्यात उभं राहून बोलायचं, म्हणजे कमाल झाली.

सुरुवात अनारकानने केली. अनारकान ही माझी बायको. आमच्या घरातल्या बहुतेक भानगडी तिच्यापासून सुरू होतात आणि माझ्यावर येऊन संपतात. सून बेगाइमचे दिवस भरत आले होते. मुलगा मिर्लान ट्रक घेऊन कझाकस्तानच्या वाटेवर, म्हणजे तो असून नसून सारखाच. पहिलं नातवंड येणार म्हणून मागची खोली रिकामी केली, पाळणा आला, दुपटी आली, चुलतसासूने विणलेले मोजे आले. फक्त ऊब आली नाही. गावाच्या बॉयलरघरातलं गरम पाणी नळांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये येतं, अशी सरकारची समजूत आहे. आमच्या इमारतीला चार जिने, एकेका जिन्यावर पाच मजल्यांची बिऱ्हाडं. ते पाणी पहिल्या तीन जिन्यांची विचारपूस करत करत चौथ्यापर्यंत, म्हणजे आमच्यापर्यंत येतं, तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं. अनारकानने एक हात रेडिएटरवर ठेवला, दुसरा माझ्या कपाळावर ठेवला आणि म्हणाली, “तुमचं डोकं जास्त तापलेलं लागतंय. बाळाला त्याच्यावरच निजवू का?”

हीटर का नाही लावला, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. आमच्या भिंतीतल्या तारा सुतळीच्या लायकीच्या आहेत. हीटर लावला की वरच्या मजल्यावर अंधार होतो आणि खालच्या मजल्यावर भांडण. एक स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीची तार तेवढी जाड. मग शेगडीच पेटवून ठेवू, असं मी सुचवलं. अनारकानने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी घर पेटवू म्हणालो. “रिकामी शेगडी जाळली की घरातली बरकत जाते. पाहुणा नाही, तळण नाही, आणि शेगडी कशाला पेटवू? भिंतींना जेवायला घालायचंय का?” तिच्या आईने तिला हे सांगितलं होतं, आणि तिच्या आईच्या बोलण्यावर आमच्या घरी अपील नाही.

एवढ्यात कुदाचा फोन आला. कुदा म्हणजे व्याही, बेगाइमचे वडील तुर्दुबेक. कोचकोरला त्यांचं स्वतःचं घर आहे आणि त्या घरात कोळशाची भट्टी आहे. त्या भट्टीबद्दल ते असे बोलतात, की ऐकणाऱ्याला वाटावं भट्टी शिकून मोठ्या हुद्द्यावर लागली.

“कुदा,” ते मला म्हणाले, “तुमच्याकडं म्हणे रेडिएटरवर दूध ठेवलं तर आठवडाभर नासत नाही.”

“कोण म्हणतं?”

“चेष्टा केली हो. पण एक सांगतो, पहिले चाळीस दिवस बाळ-बाळंतीण आमच्याकडंच येऊ देत. ही बघा भट्टी.” आणि त्यांनी फोन फिरवून मला भट्टीचं लाल तोंड दाखवलं. मी काय करणार, चांगली आहे म्हणालो.

आता आमच्यात बाळाचे पहिले चाळीस दिवस फार जपायचे असतात, आणि ते जपायचे बापाच्या घरी. नातवंड पहिल्यांदा आईच्या माहेरी निजलं, तर आजोबाच्या घराला छप्पर आहे की नाही इथपासून लोक चौकशी करतात. फोन ठेवल्याबरोबर अनारकान म्हणाली, “माझं नातवंड त्या भट्टीपाशी गेलं तर मी बाजारात कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही काहीतरी करा. आलेख सोडून काहीतरी करा.”

मी खरंच आलेख सोडून काहीतरी करायलाच निघालो होतो. देवाशपथ. टोपी घातली आणि थेट उष्णता कार्यालयात गेलो. तिथे इशेनबाय साहेब कोट, टोपी आणि हातमोजे घालून बसले होते. पायाशी हीटर होता, तो बंद होता, कारण वीज वाचवा असा वरून कागद आला होता.

“आके,” ते म्हणाले. आमच्यात वयाने मोठ्या पुरुषाला आके म्हणतात आणि बाईला एजे; नाही म्हणायची वेळ आली की तर हमखास म्हणतात. “आके, तोंडी तक्रार ही तक्रार नसते, गप्पा असतात. पुरावा आणा. बाहेर थंडी किती, घरात ऊब किती, रोजचं मोजून आणा. आणि दोन्ही एकाच चित्रात आणा. दोन चित्रं पाठवली तर वरचे साहेब एक बघतात आणि दुसऱ्यावर चहाचा पियाला ठेवतात.”

दुसरा कोणी असता तर इथेच खचला असता. माझ्या अंगावर मात्र मूठभर मांस चढलं. सरकारने माझ्याकडे आलेख मागितला होता. माझ्याकडे. घरी येईपर्यंत मी रंगसुद्धा ठरवले होते.

पहिला प्रयत्न सांगतो, नुसते अंदाजाचे आकडे घालून केलेला. आतली ऊबही खांबांत दाखवली आणि बाहेरची थंडीही खांबांत. पण आमच्याकडे बाहेरचा आकडा उणे असतो, त्यामुळे आतले खांब वर उभे आणि बाहेरचे खाली लोंबणारे. छापून बघितलं तर दातांच्या डॉक्टरकडे टांगलेला उघडा जबडा. तो जबडा मी जिन्यात चिकटवला, शेजाऱ्यांचं मत घ्यावं म्हणून. हे माझं फाजील औदार्य.

दुसऱ्या मजल्यावरचे शार्शेन आके बस डेपोतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, “लाल रंग दे. सरकारला लाल सोडून काही दिसत नाही. आमच्या डेपोत तेलगळती निळ्यानं लिहायचे, तेल संपलं तरी कोणी वाचलं नाही.”

पाचव्या मजल्यावरच्या कालीपा एजे चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या. “यात माझं घर कुठलं?”

“हा खांब तुमच्या घराचा होईल, एजे. अजून मोजायचंय.”

“समोरचीपेक्षा बुटका ठेवू नकोस.”

“अहो एजे, बुटका असला तरच आपली तक्रार खरी ठरेल.”

“तक्रार आहेच रे. रात्री पाय बर्फ होतात माझे. पण बुटका नको, सांगून ठेवते.”

या वाक्यात पुढचं सगळं रामायण होतं, आता कळतं. तेव्हा मी जबड्याच्या काळजीत होतो. विचार करता करता वाट सापडली. दोन जातींचं लग्न लावायचं: उबेचे राहू देत खांब, थंडीची करायची रेघ. स्प्रेडशीटमध्ये हे जमतं. थंडीच्या आकड्यांवर बोट ठेवायचं, प्रकार बदलून रेघ म्हणायचं, आणि तिला उजव्या हाताला तिचा स्वतंत्र अक्ष द्यायचा. खांब डावीकडचे आकडे मानतात, रेघ उजवीकडचे. एका घरात सासू-सुनांनी चुली वेगळ्या मांडल्या की दोघी कशा सुखाने नांदतात, तसं. कोणाचं माप कोणाच्या आड येत नाही. हे मी अनारकानला अगदी पहिल्यापासून समजावून सांगितलं. ती शेवयांचं पीठ लाटत होती.

“कळलं?”

“कळलं. मीठ संपलंय.”

मग मोजणी. आमच्या कार्यालयातलं थर्मामीटर पस्तिसाच्या खाली उतरत नाही, कारण जिवंत मेंढी तितकी गार होत नसते. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं काढलं, ज्याच्यावर सरोवराचं चित्र आहे, आणि पहिल्या संध्याकाळी कालीपा एजेंकडे चढून गेलो. दारातूनच म्हणालो, “एजे, मी आत येत नाही. हे ठेवतो, आकडा बघतो आणि जातो.”

“जातो?” एजेंनी माझ्या हातातली टोपी काढून घेतली. “माझ्या दारातून नान न मोडता कोणी गेलं नाही. तू काय मीटर वाचणारा आहेस? आणि ते लोकसुद्धा चहा घेतात.”

मी दारासमोरच्या मानाच्या जागी, तोरवर, दोन गाद्यांवर बसलो. पुढ्यात दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, पसरला गेला. शेगडीच्या चारही चकत्या लाल झाल्या, कढईत तेल आलं, तेलात बोर्सोक, म्हणजे कणकेचे लहान गोळे, फुगायला लागले. शेजारी किटली. ओव्हनमध्ये मांस भरलेले सामसे गेले आणि त्याचं दार थोडं किलकिलं राहिलं, कारण त्या दाराची कडी मोडलीय. थर्मामीटर जॅमच्या वाटीला टेकवून उभं केलं होतं. निघताना पाहिलं, चोवीस. मी प्रामाणिकपणे चोवीस लिहिलं. आकड्याशी बेइमानी मी कधी केली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात बातमी पोचली होती, की एसेनकुल घरोघर मोजायला येतोय. कुठल्या घरात कालीपाकडे झालं त्याच्यापेक्षा कमी होणार? शार्शेन आकेंच्या बायकोने वाफेवर मांती, म्हणजे मांस भरलेल्या मोठ्या पुरचुंड्या, लावल्या. माझा चष्मा धुकटला, आकडा त्यांनीच वाचून सांगितला. समोरच्या घरी मी यायच्या आधी दोन तास तळण चाललं होतं. आणि थंडी जसजशी वाढायला लागली, तसतसा आग्रहही वाढला. उणे दहाला एक किटली पुरायची. उणे वीसला, “इतक्या गारठ्यात आलास बाबा,” म्हणत तीन. मी सगळ्यांकडे जेवलो, सगळ्यांचं लिहून घेतलं आणि विजारीचं बटण बदललं.

आलेख काय उतरला होता म्हणून सांगू. लाल खांब, निळी रेघ. रेघ डावीकडून निघून झोकात खाली जातेय आणि खांब पायऱ्या चढल्यासारखे वर. मी तो भिंतीला टेकवून लांबून बघितला, जवळून बघितला. अनारकान मागे येऊन उभी राहिली.

“यात असं दिसतंय, की बाहेर थंडी वाढली की आत ऊब वाढते.”

“तू उजवा अक्ष बघ.”

“बघितला. तोही तेच म्हणतोय.”

“अनारकान, हा दोन अक्षांचा आलेख आहे. हा असा एकदम नाही कळत माणसाला.”

ती पुन्हा आपल्या कामाला लागली. ती अशी वाद सोडून जाते तेव्हा माणसाने थांबून विचार करावा. मी आलेख गुंडाळला आणि इशेनबाय साहेबांकडे गेलो.

साहेबांनी तो दोन्ही हातांनी धरून पाहिला. डोळे पाणावले म्हणजे बघा, थंडीने असतील तर माहीत नाही. “आके, बाहेर जितका गारठा, तितकी आत ऊब. आमच्या कामाची इतकी चोख पावती आजवर कोणी दिली नाही. आणि ती नागरिकाने, स्वतःच्या शाईने.”

“साहेब, ही तक्रार आहे.”

“विनय कशाला, आके.” त्यांनी त्याच्या प्रती काढल्या. एक वर गेली, एक त्यांच्या भिंतीवर लागली. चार दिवसांत वरून उत्तर आलं, की ज्या जिन्याला गरजेहून जास्त उष्णता मिळते तिथला वाटा कमी करून इतरांना द्यावा. तळघरात एक माणूस उतरला, त्याने चौथ्या जिन्याच्या गरम पाण्याची चावी आणखी दोन वेढे आवळली आणि शीळ वाजवत निघून गेला.

त्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला. मुलगी झाली. बेगाइम ठीक, बाळ ठीक, नाक आमच्या घराण्याचं. आनंदाने मला रडू आलं, आणि रडताना तोंडातून वाफ निघाली. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर सरोवराच्या चित्राखाली पारा अकरावर होता. मागच्या खोलीत तर तोही नसेल.

संध्याकाळी जिन्यात सगळे कोट घालून जमले. शार्शेन आके म्हणाले, “एसेनकुल, तू आता पाण्याच्या नळाचा आलेख काढू नकोस. आंघोळीपुरतं येतंय ते येऊ दे.” कालीपा एजे म्हणाल्या, “पोराला दोष देऊ नका. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.” हे त्यांनी माझी बाजू घेऊन म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं. आणि कुदांचा फोन तर काय, तयारच. “अभिनंदन, कुदा. परवा सोडतायत ना दोघींना? मी गाडी घेऊन येतो. मेंढीचं कातडं पसरून ठेवलंय मागच्या सीटवर. भट्टीला कालपासून सांगून ठेवलंय.” भट्टीला सांगून ठेवलंय, हे त्यांचे शब्द.

अनारकान माझ्याकडे पाठ करून रेडिएटरला म्हणाली, “या माणसाला विचार, घरोघर बोर्सोक खात फिरला, तेव्हा शेगड्या कशासाठी पेटल्या होत्या? ती ऊब बॉयलरची होती, की तेलाची?”

मी उठलो आणि कॉम्प्युटर लावला. कारण बाई बोलली ते खरं होतं, आणि खरं असेल ते आलेखात दिसलंच पाहिजे. जुन्या आकड्यांशेजारी आठवून आठवून आणखी एक ओळ भरली: कोणत्या घरी किती किटल्या झाल्या. किटल्यांचे खांब केले, घरातल्या उबेची रेघ. उजवा अक्ष वेगळा. खांब चढला की रेघ चढली, खांब बसला की रेघ बसली. माझ्या आयुष्यात दोन आकड्यांचं इतकं जमलेलं मी पाहिलं नाही, नवराबायकोचं तर सोडाच.

सकाळी तो आलेख पाहून इशेनबाय साहेब गंभीर झाले. “म्हणजे तुम्ही खोटी ऊब दाखवून सरकारची फसवणूक केलीत?”

“ऊब खरी होती, साहेब. चहाची होती.”

“चहा आमच्या अखत्यारीत येत नाही.” ते बराच वेळ भिंतीवरच्या पहिल्या आलेखाकडे बघत बसले. तो काढावा लागेल याचं त्यांना वाईट वाटत असावं. “मी स्वतः येऊन मोजतो. पूर्वसूचना न देता, अचानक. आज तीन वाजता येतो.”

दुपारी मी जिन्यात सगळ्यांना शपथ घातली. आज साहेब माझ्या घरी येतील, तुम्ही साक्षीला या. पण शेगडी नाही, चहा नाही, नान नाही. साहेब गारठले की आपण जिंकलो, उद्या नळ सुटेल, बाळ घरी येईल.

“नानसुद्धा नाही?” कालीपा एजे.

“नाही.”

“कोरडी साखर ठेवू का, बशीत?”

“एजे, माझी नात कोचकोरला जाईल.”

एजेंनी डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड दाबलं आणि मान हलवली. सगळ्यांनी शपथ घेतली. खरं सांगतो, मला त्या क्षणी आमच्या जिन्याचा अभिमान वाटला होता.

कार्यालयाची गाडी थंडीने सुरू झाली नाही, म्हणून साहेब चालत आले. भुवयांवर हिम, मिशीत हिम, नाक जांभळं. आम्ही आठ-दहा माणसं कोट घालून भिंतीकडेने बसलो होतो. समोर उघडं टेबल, त्यावर थर्मामीटर, दुसरं काहीही नाही. किरगिझ माणसाच्या घरात पाहुण्यापुढे असं बोडकं टेबल मी जन्मात पाहिलं नव्हतं; मलाच बघवेना. साहेब बसले. त्यांनी बोटं चोळली. पारा बारावर होता. त्यांनी कागद काढला, लेखणी काढली, आणि खोकले.

कोणी हललं नाही. शार्शेन आके बुटांकडे बघत होते. कालीपा एजे डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. साहेबांना लेखणी धरता येईना, ते बोटांवर फुंकर घालायला लागले. मग पुन्हा खोकले, आणि अगदी हळू आवाजात स्वतःशीच म्हणाले, “सकाळपासून काही गरम पोटात गेलं नाही.”

“मला नाही जमायचं हे,” अनारकान म्हणाली आणि उठली.

“अनारकान, बारा लिहू दे आधी,” मी म्हणालो.

“माझ्या दारात आलेला माणूस कुडकुडतोय आणि मी बघत बसू? माझी आई कबरीतून उठून येईल.” शेगडी लागली. कालीपा एजे “सुटले बाई एकदाची” म्हणत वरती धावल्या आणि झाकलेली परात घेऊन आल्या. तळण सकाळीच करून ठेवलेलं होतं, शपथेच्या आधी की नंतर ते विचारण्यात अर्थ नव्हता. शार्शेन आकेंच्या घरून मांतीचं भांडं आलं. मी थर्मामीटर उचलून हळूच खिडकीपाशी न्यायला लागलो, तर अनारकान म्हणाली, “पाहुणा जेवतोय, वारा घालू नका.”

अर्ध्या तासात साहेब कोट काढून तोरवर बसले होते. कपाळावर घाम. हात पुसून त्यांनी कागद पुढे ओढला.

“साहेब,” मी हात जोडायचे बाकी ठेवले, “बारा लिहा. तुम्ही आलात तेव्हा बारा होते. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत.”

त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. “आके, ज्या घरचं नान मोडलं, त्या घराबद्दल बारा लिहू? हा कागद दहा टेबलांवरून फिरतो. लोक म्हणतील, एसेनकुलच्या घरी पाहुणा गारठला. तुमच्या अब्रूचं काय?” त्यांनी पंचवीस लिहिलं. थर्मामीटरवर चोवीस होतं. “एक माझ्याकडून,” ते म्हणाले.

चावी आवळलेली ती आवळलेलीच राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाशी कुदांची गाडी आमच्या आधी उभी होती. बेगाइमच्या हातात दुपट्यांची गुंडाळी, गुंडाळीत कुठेतरी नात. मी डोकावून पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आलेख, अक्ष, साहेब, सगळं त्या वेळी मला कस्पटासमान वाटलं. आणि ही आता दुसऱ्याच्या गाडीत बसून जाणार होती. मी कुदांचा हात धरला. “न्या, तुम्हीच न्या. पण माझ्या उंबऱ्याला तिचा पाय लागू दे. एक पियाला चहा घ्या आणि निघा.”

याला नाही म्हणता येत नाही. कुदा आले. आणि जिन्यात कळलं, की एसेनकुलकडे व्याही आलेत.

आमच्यात म्हणतात, जावयाचं नातं शंभर वर्षांचं, व्याह्याचं हजार वर्षांचं. हजार वर्षांच्या पाहुण्यापुढे एकाच घरचं तळण कसं ठेवणार? अनारकानची शेगडी पेटलीच होती. कालीपा एजे त्यांचा चहाचा मोठा समोवार आतल्या कोळशासकट उचलून घेऊन आल्या. शार्शेन आकेंनी मेंढीचं मांस आणि ते उकळायला आपली बायको आणली. कुदांनी कोट काढला. मग टोपी. मग जाकीट. मग सदऱ्याची दोन बटणं. दार उघडं होतं, ऊब सरळ मागच्या खोलीत जात होती. तिथे बेगाइमने एक दुपटं सोडलं, थोड्या वेळाने दुसरं सोडलं. नात हात वर टाकून झोपली होती, गाल गुलाबी.

कुदा तिच्याकडे बघून आले आणि माझ्यापाशी बसले. आवाज खाली आला होता. “कुदा, खोटं कशाला बोलू. आमची भट्टी पुढची खोली तापवते, मागं एवढं नाही पोचत. बाहेर उणे बावीस, आणि मला इथं घाम. हिला हलवायची नाही. इथंच राहू दे.”

अनारकान माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी माझ्याकडे, रेडिएटरकडे नाही. मी जिंकलो होतो. कसा, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

“बरं, मग मी येतो,” म्हणून कुदा उठले आणि जाकीट शोधायला लागले. पाहुणा उठला म्हणून कालीपा एजे समोवार झाकायला वळल्या, शार्शेन आकेंची बायको भांडी गोळा करायला लागली, अनारकानचा हात सवयीने शेगडीच्या बटणाकडे गेला. माझी नजर सरोवराच्या चित्राकडे गेली, तिचीही गेली. पाहुणा गेला की शेगडी बंद. शेगडी बंद की अकरा.

“कुदा,” अनारकान म्हणाली, “असे कसे निघालात? चार दिवस राहा की.”

“तुम्ही इतका आग्रह करताय तर,” कुदा म्हणाले आणि बसले.

ते अजून बसलेत. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी तळण घेऊन येतं, कारण घरात व्याही आहेत. तोरवर माझी जागा होती, तिथे ते आहेत. मी दाराशी, वाऱ्याच्या वाटेवर. भट्टीची वीट कुठून आणली, जाळी कोणी ओतली, धुराडं कसं तिरकं झालं आणि ते एका जावयाने कसं सरळ केलं, हे मी इतक्यांदा ऐकलंय की मधे ते अडले तर मी सांगतो. मी झोपेत घोरतो असं त्यांनी बेगाइमला सांगितलं. माझ्या चपला त्यांना बसतात.

काल रात्रीच्या जेवणानंतर त्यांनी रिकामा पियाला माझ्यापुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला चहा अर्धाच ओततात. पुन्हा पुन्हा ओतावा लागतो, तोच मान. पियाला काठोकाठ भरून दिला, की शहाणा पाहुणा समजतो, आता उठावं. बोलायला लागत नाही, भांडण होत नाही. मी किटली उचलली. कुदा भट्टीच्या राखेबद्दल काहीतरी सांगत होते. चहा अर्ध्यावर आला. मी थांबलो नाही. अनारकान बघत होती, तिच्या भुवया चढल्या, तरी मी ओततच राहिलो. काठाला बोटभर उरलं असेल.

मागच्या खोलीत नात शिंकली.

मी किटली खाली ठेवली. कुदांच्या पियाल्यातला अर्धा चहा माझ्या पियाल्यात ओतून घेतला, उरलेला दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, “हां कुदा, मग त्या राखेचं काय केलंत?”